यंत्राचा आत्मा आणि घरचे जेवण

ट्रेसी किडर यांचे 'द सोल ऑफ अ न्यू मशीन' हे पुस्तक माझ्याकडे १९८७ सालापासून आहे. आमच्या गावच्या वाचनालयाने जुनी पुस्तके विक्रीला काढली होती, त्यात पन्नास सेंटला मिळाले. या देशात येऊन मला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. मॅसॅच्युसेट्समधल्या एका मिनीकॉम्प्युटर कंपनीत नोकरी होती आणि हे पुस्तक थोड्या अंतरावरच्या तशाच एका कंपनीबद्दल होते. तीन रात्रींत वाचून काढले. हातात लाल पेन्सिल घेऊन वाचायची तेव्हा सवय होती. जिथे अंगावर काटा आला तिथे रेघ मारली. आज हा लेख लिहायला बसलो आहे तो त्या रेघांमुळे.

त्याचे असे झाले. गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाने तरुण मुलांसाठी यशस्वी उद्योजकांशी गप्पांचा कार्यक्रम ठेवला होता. कार्यक्रम रंगला. मोदक संपले तरी कोणी उठले नाही, यातच सारे आले. तिन्ही वक्त्यांचे सांगणे थोड्याफार फरकाने एकच होते: अठरा तास काम करा, लक्ष इकडेतिकडे जाऊ देऊ नका, यश आपोआप मागे येते. परतताना गाडीत सौ. म्हणाली, "सगळं खरं असेल हो. पण हे अठरा तास काम करत होते तेव्हा मुलांना शाळेतून कोण आणत होतं, ते एकानंही सांगितलं नाही." मी गाडी चालवण्याकडे लक्ष दिले. अशा वेळी माणसाची एकाग्रता फार वाढते.

आमचा मुलगा सध्या चांगली नोकरी सोडून चौघा मित्रांबरोबर कंपनी काढण्याच्या विचारात आहे. त्याला वाचायला द्यावे म्हणून घरी आल्यावर किडरचे पुस्तक शोधून काढले. द्यायच्या आधी एकदा चाळू म्हटले, आणि पुन्हा तीन रात्री गेल्या.

ज्यांनी वाचले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात हकीकत. १९६८ साली डिजिटल इक्विपमेंट म्हणजे 'डेक' ही कंपनी सोडून निघालेल्या एड्सन डी कॅस्ट्रो आणि त्यांच्या सोबत्यांनी हडसन या गावी, जिथे आधी ब्यूटी पार्लर होते अशा जागेत, डेटा जनरल ही कंपनी सुरू केली. १९६९ साली बाजारात आलेला त्यांचा 'नोव्हा' हा छोटा संगणक ३,९९५ डॉलरपासून मिळत असे आणि तो धडाधड खपला. दहा वर्षांत कंपनी मोठी झाली, वेस्टबरोला गेली, आणि मोठ्या कंपन्यांचे जे होते ते तिचे झाले: जुन्या मालकाने मागून येऊन गाठले. १९७७ साली डेकने ३२ बिटांचा 'व्हॅक्स' बाजारात आणला. डेटा जनरलकडे होते १६ बिटांचे यंत्र. फरक कामापुरता सांगायचा तर, १६ बिटांच्या यंत्राला स्मृतीतले फार थोडे पत्ते थेट गाठता येतात, ३२ बिटांच्या यंत्राला अब्जावधी. कंपनीचे ३२ बिटांचे अधिकृत काम नॉर्थ कॅरोलायनात सुरू होते आणि पैसा, मान, नावाजलेली माणसे तिकडे गेली होती. टॉम वेस्ट नावाचा एक इंजिनिअर वेस्टबरोला मागे राहिलेल्या माणसांना आणि नुकत्याच कॉलेजातून निघालेल्या पोरांना घेऊन 'ईगल' या टोपणनावाने दुसरेच यंत्र बांधायला बसला. वरच्यांना त्याने ते दुय्यम, हाताशी असावे म्हणून चाललेले काम असे भासवले. सुमारे दीड वर्षात यंत्र उभे राहिले आणि १९८० साली 'एमव्ही-८०००' या नावाने बाजारात आले. किडर त्यांच्यात वावरला. १९८१ साली पुस्तक निघाले, १९८२ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

किडर इंजिनिअर नाही, आणि हे पुस्तकाचे मोठे बळ आहे. त्याला काही समजलेले नसते म्हणून तो विचारतो, आणि त्याला समजते तेव्हा आपल्यालाही समजते. कोक आणि गॉलम अशी नावे दिलेल्या दोन नमुना यंत्रांपाशी रात्री-बेरात्री पोरे उभी आहेत, लॉजिक अनॅलायझरच्या पडद्यावर विजेच्या खुणा बघताहेत, आणि कुठल्यातरी एका क्षणी, सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागात, एक खूण हवी तिथे नाही. चूक तारेत आहे की आराखड्यात? की आपण लिहिलेल्या चाचणीतच? हा शोध त्याने असा लिहिला आहे की मायक्रोकोड हा शब्द आयुष्यात न ऐकलेला माणूसही श्वास रोखून वाचेल. आपल्या व्यवसायातला खरा आनंद काय असतो हे घरच्या माणसांना सांगायचे मी अनेकदा प्रयत्न केले आणि हरलो. ही पन्नासेक पाने मात्र ते सांगतात. माझ्या लाल रेघा सर्वात दाट तिथे आहेत, आणि त्या रेघांची मला आजही लाज वाटत नाही.

लाज वाटते ती दुसऱ्या रेघांची. नव्या पोरांना कामावर घेताना त्यांना आधीच सांगत: वेळेला धरबंध नाही, घरदार विसरावे लागेल, जमेल का? पोरगा हो म्हणाला की तो 'साइन अप' झाला. वारीला जाणाऱ्याने माळ घालावी तसा हा प्रकार. एकदा घातली की मग कोणी सक्ती करत नाही, तुम्हीच स्वतःवर करता. जादा कामाचे पैसे नव्हते, शेअर्सचे आश्वासन संदिग्ध होते. त्या पानावर मी १९८७ साली दोन रेघा मारून समासात इंग्रजीत 'हो!' असे लिहिले आहे.

त्याच पुस्तकात, थोडे पुढे, ही पोरे वाढवण्याची रीत वेस्टची माणसे थट्टेने सांगतात. तिला त्यांनी अळंबीच्या लागवडीची उपमा दिली आहे: अंधार आणि शेणखत, एवढ्यावर पीक येते. म्हणजे प्रकल्पाची खरी स्थिती, वरच्यांचे मनसुबे, आपले काम उद्या गुंडाळले जाईल की काय, हे काहीही पोरांना कळू द्यायचे नाही. किडर हे लपवत नाही. उलट पुस्तकाचा कणा तोच आहे. पण त्या पानावर माझी एकही रेघ नाही. वाचले नसेल असे नाही. डोळ्यांखालून गेले आणि नोंद झाली नाही. मी स्वतः तेव्हा अंधारातच होतो, आणि खत मिळत होते त्यावर खूष होतो.

मला वाटते आपल्यापैकी बहुतेकांनी, आणि आपल्या मुलांना उपदेश करणाऱ्या वक्त्यांनी, ही असली पुस्तके अशीच वाचली आहेत. घाम दिसला की रेघ. पण पुस्तक नीट वाचले तर ते घामाबद्दल कमी आणि एकाग्रता कुठून येते याबद्दल जास्त आहे. त्या पोरांना एका बिटावर चौदा तास लक्ष ठेवता आले, कारण बाकीचे सारे त्यांच्यापासून कोणीतरी अडवून धरले होते. वेस्ट वरच्यांशी भांडत होता, भाग मिळवत होता, दुसऱ्या गटांना खोटीनाटी आशा दाखवत होता. नवीन निघालेली, तेव्हा एकच छोटी कंपनी बनवत असलेली 'पाल' चिप वापरायचा जुगारही त्याने खेळला. पोरांशी तो धड बोलतही नसे. पोरे त्याला माणूसघाणा समजत. तो एक भिंत होता, आणि भिंत गप्पा मारत नाही. कार्ल अल्सिंग आणि एड रसाला हे मधले दोघे, एक पोरांचे रुसवेफुगवे बघणारा, दुसरा वेळापत्रक हाकणारा. गटाची सेक्रेटरी टपाल, टेबले, खुर्च्या अशी न संपणारी कामे उरकत होती. पुस्तकात तिला जागा थोडी आहे, पण आदराने दिलेली आहे. एकाग्रता हा त्या पोरांच्या अंगचा गुण असेलही. पण ती त्यांना मिळत होती ती दुसऱ्यांच्या पगारातून आणि दुसऱ्यांच्या झोपेतून.

आणि इथेच किडर मला अपुरा वाटतो. ऑफिसातली भिंत त्याला दिसली, घरातली दिसली नाही. वेस्टच्या घरी तो जातो, पण तिथेही त्याची नजर वेस्टवरच खिळलेली असते. पोरांच्या बायका, मैत्रिणी कुठे कुठे एखाद्या वाक्यात येतात आणि जातात. आराखड्याचे काम करणाऱ्यांत जवळजवळ सगळे पुरुषच, हेही तो पाहतो आणि पुढे सरकतो. सौ.ने परवा पुस्तकाची पहिली काही प्रकरणे वाचली आणि विचारले, "यांना रात्री जेवायला कोण घालत होतं?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा आहे, म्हणून मी हसलो. ती हसली नाही.

तिला हसू न येण्याचे कारण मला ठाऊक आहे. १९९८ साली मी भरवशाची नोकरी सोडून आठ माणसांच्या एका नव्या कंपनीत गेलो. टेलिफोन जाळ्यासाठी लागणारी एक चिप आम्ही बनवत होतो. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही, ते कोणाला आठवणार नाही. साडेतीन वर्षे मी निम्म्या पगारावर काम केले. राहिलेला निम्मा आणि चौघांचा आरोग्य विमा हिच्या हॉस्पिटलातल्या फार्मसिस्टच्या नोकरीतून येत होता. विमा मिळावा म्हणून तिने पूर्ण वेळ घेतला आणि मुले शाळेतून येण्याच्या वेळी घरी असता यावे म्हणून रात्रपाळी मागून घेतली. म्हणजे व्हेंचर कॅपिटलवाल्यांच्या आधी त्या कंपनीत भांडवल घातले ते हिने. भागधारकांच्या यादीत तिचे नाव नव्हते. २००१ साली कंपनी बंद झाली तेव्हा मी सहा आठवडे सुतक पाळल्यासारखा घरात बसून होतो. तिने त्या सहा आठवड्यांतही पाळ्या केल्या. माझे कष्ट खोटे नव्हते. पण ते कष्ट करायची मुभा मला कोणी दिली होती, हे मी त्या काळात एकदाही मोठ्याने म्हणालो नाही. मंडळाच्या व्यासपीठावर मला बोलावले असते तर मीही अठरा तासच सांगितले असते.

आणखी एक गोष्ट किडरच्या पोरांपाशी होती आणि आपल्यापैकी अनेकांपाशी नव्हती, तिचा उल्लेख करायला हवा. ती पोरे मनात येईल तेव्हा उठून जाऊ शकत होती. पुस्तकात एक जण जातोही: नॅनोसेकंदांना कंटाळून तो चिठ्ठी ठेवतो की मी व्हरमाँटला शेतीवाल्यांच्या वस्तीत चाललो, यापुढे ऋतूपेक्षा लहान काळ मोजणार नाही. वाचणाऱ्याला हसूही येते आणि त्याचा हेवाही वाटतो. पण एच-१ वर असलेला, ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा असलेला आपला इंजिनिअर अशी चिठ्ठी ठेवून कुठे जाणार? त्याचे 'साइन अप' होणे कितपत राजीखुशीचे? आणि त्याची बायको एच-४ वर असेल तर माझ्यासारखी तिच्या पगारावर उडी मारायचीही सोय नाही. २०१५ साली हा नियम काहींच्या बाबतीत सैल झाला. त्याआधी किती डॉक्टर, शिक्षिका, इंजिनिअर बायका या देशात स्वयंपाकघरात बसून राहिल्या, ते आपण आपल्याच घरांत पाहिले आहे. 'कष्ट करा, जोखीम घ्या' हा उपदेश सर्वांना सारख्या दराने मिळत नाही.

कष्ट केले की यश, या समीकरणाबद्दल दुसरे एक पुस्तक सहज आठवते म्हणून सांगतो. जेरी कॅप्लन यांचे 'स्टार्टअप', १९९५ सालचे. १९८७ साली मिच केपर यांच्या विमानात बसलेले असताना त्यांना कल्पना सुचली की की-बोर्ड नको, पेनने लिहिता येईल असा वहीएवढा संगणक बनवावा. क्लायनर पर्किन्सच्या बैठकीत हातात नमुना नव्हता, म्हणून त्यांनी आपले चामड्याचे फोल्डर टेबलावर टाकले आणि संगणक एवढा असेल म्हणून सांगितले. 'गो' नावाची कंपनी निघाली. हुशारी होती, मेहनत होती, सुमारे साडेसात कोटी डॉलर होते. मायक्रोसॉफ्टने पेनवर चालणारी स्वतःची विंडोज जाहीर केली, आयबीएम आणि एटी अँड टी यांच्या पोटातले राजकारण आडवे आले, आणि १९९४ साली सगळे संपले. कल्पना चुकीची नव्हती. पंधरा-वीस वर्षे लवकर होती. पुस्तक म्हणून ते किडरच्या जवळपासही जात नाही. कॅप्लनना स्वतःच्या विनोदांचे जरा जास्त कौतुक आहे आणि मायक्रोसॉफ्टची माणसे त्यांच्या पानांवर नाटकातल्या खलनायकासारखी वावरतात. पण मंडळाच्या कार्यक्रमात मुलांना वाटायचे झाले तर मी हे वाटेन, कारण बंद पडलेल्या कंपनीचा माणूस व्यासपीठावर कधी येत नाही.

आपल्याकडच्या गोष्टीही आपण अशाच सोलून सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर बनवला, आणि लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी शेतकरी तो दोन वर्षे घेईनात, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. त्या चिकाटीला तोड नाही. पण बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. गोष्ट सांगताना आपण लक्ष्मणरावांचा घाम ठेवतो आणि पंतप्रतिनिधींना घाईत उरकतो.

पुन्हा किडरकडे येतो, कारण त्याच्याशी माझे भांडण अजून संपलेले नाही. ही माणसे पैशासाठी काम करत नव्हती असे तो वारंवार सुचवतो, आणि एके ठिकाणी मध्ययुगीन चर्च बांधणाऱ्या पाथरवटांशी त्यांची तुलना करतो. मोहक तुलना आहे. माझी तिथे तीन रेघांची खूण आहे. आज वाचताना मला वेरूळचे कैलास लेणे आठवले. तिथल्या पाथरवटांनाही शेअर ऑप्शन नसावेत, पण त्यांचे काम बाराशे वर्षे उभे आहे. डेटा जनरल १९९९ साली ईएमसीने विकत घेतली. त्याच्या आदल्या वर्षी खुद्द डेक कॉम्पॅकच्या पोटात गेली होती, आणि आमच्याच भागातल्या वँगने १९९२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला होता. मिनीकॉम्प्युटर ही जातच बुडाली. ईगलची पोरे कमी राबली म्हणून नव्हे. एका चिपवर मावणारा संगणक आला, आणि एकाच कंपनीने यंत्रापासून प्रणालीपर्यंत सगळे आपलेच बनवायचे हा या भागाचा खाक्या कॅलिफोर्नियातल्या लहान लहान, एकमेकींना भाग विकणाऱ्या कंपन्यांपुढे टिकला नाही. ॲनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ सालच्या 'रीजनल ॲडव्हांटेज' या पुस्तकात हे फार चांगले दाखवले आहे. देऊळ म्हणून बांधायला घेतलेली वस्तू वीस वर्षांत मोडीत निघते, तेव्हा ते देऊळ होते की धंदा, हा प्रश्न बांधणाऱ्यांनी नाही तर निदान लेखकाने विचारायला हवा होता.

म्हणजे किडरने तो विचारलाच नाही असे नाही. शेवटच्या पानांकडे माझे पूर्वी लक्षच गेले नव्हते. यंत्र न्यूयॉर्कला थाटाने जाहीर होते, गट पांगायला लागतो, आणि मग विक्रेत्यांची सभा येते. यंत्र बनवणाऱ्यांची भाषा तिथे नसते. माणसाला पळवते काय, तर अहंकार आणि पैसा, असे त्यांना रोखठोक सांगितले जाते. किडर त्यावर भाष्य करत नाही. दीडएक वर्ष पोरे ज्याला खेळ समजत होती तो खेळ संपलेला असतो, एवढेच आपल्याला कळते. पाथरवटांची तुलना करणारा आणि हा शेवट लिहिणारा लेखक एकच आहे, आणि दुसरा मला जास्त खरा वाटतो. समुद्रावरच्या वादळात न झोपता होडी हाकणारा वेस्ट ज्यात पहिल्यांदा दिसतो ते सुरुवातीचे प्रकरण त्याने गाळले असते तर बरे झाले असते. त्या प्रकरणाने वेस्टला नायक करून टाकले, आणि माझ्यासारख्या वाचकांनी पुढची सगळी पाने त्या नायकाच्या सावलीत वाचली.

मुलाला पुस्तक दिले. दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला. पुस्तक आवडले म्हणाला, चुका शोधण्याच्या रात्री सगळ्यात जास्त. मग त्याने विचारले की समासातले ते 'हो!' कोणाचे. माझेच म्हणून कबूल केले. तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि आई आहे का घरी, म्हणाला. सुनेची नोकरी, तिचा विमा, नातीचे पाळणाघर, असे त्यांचे तासभर बोलणे चालले. मला पलीकडची बाजू ऐकू येत नव्हती. हिच्या बाजूने आकडे ऐकू येत होते, महिन्याच्या खर्चाचे, आणि मधूनच "नाही, हे तिलाच विचार, आधी तिलाच विचार."

पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे. रेघा मला खोडायच्या होत्या, राहून गेले.